लुंबिनीला जाताना सोनौली बॉर्डरवर किती वेळ जातो?

जय भीम. ‘आधार कार्ड ठेवा, बाकी आमच्यावर सोडा’ असं तुमच्या टूरवाल्याने सांगितलंय आणि आईवडिलांना बसने न्यायचंय म्हणून तुम्ही बॉर्डरचं विचारताय. आमच्या टूरवाल्याचंही हेच वाक्य होतं. आम्ही सोडलं त्याच्यावर. भारत-नेपाळ सीमेवरच्या सोनौलीला एकोणीस तास गेले.

२०१९ चा जानेवारी. समुद्रपूर तालुक्यातल्या आमच्या खेड्यातली बेचाळीस माणसं. कापूस विकून झाला होता, तूर घरात आली होती, तेव्हा कुठे हा योग जमला. बुद्धगया, सारनाथ, कुशीनगर सुरळीत झालं. दुपारी अडीचला बस ट्रकांच्या रांगेच्या शेपटाला लागली आणि तिथेच राहिली.

आता रांगेचं आम्हाला काय नवल? हिंगणघाटच्या बाजारात कापसाच्या गाडीवर रात्र काढलेली माणसं होती बसमध्ये. पण तिथे पुढे किती गाड्या आहेत ते खाली उतरून मोजता येतं, काटा कधी बंद होणार ते माहीत असतं. इथे पुढे काय चाललंय ते ना ड्रायव्हर सांगे, ना टूरचा पोरगा. ‘होतंच आहे’ एवढंच.

काय होतं ते रात्री कळलं. आपली गाडी नेपाळात न्यायची तर तिथल्या कस्टममध्ये, त्याला ते ‘भन्सार’ म्हणतात, जितके दिवस राहायचं तितक्या दिवसांचे पैसे भरून कागद काढावा लागतो. रस्त्याचा परमिट वेगळा. त्यासाठी गाडीचे मूळ कागद हवेत. आमच्या ड्रायव्हरजवळ आरसीची झेरॉक्स! मूळ कागद नागपुरात मालकाच्या कपाटात. त्याने मोबाईलवर फोटो मागवला, तो कोणी बघेना. काहीतरी जुळवून तो पुन्हा खिडकीवर धावला, तर आपल्या घड्याळात पाच मिनिटं बाकी होती आणि त्यांच्या घड्याळात खिडकी बंद होऊन दहा मिनिटं झाली होती. नेपाळचं घड्याळ पंधरा मिनिटं पुढे असतं, हे बेचाळीस जणांत एकालाही ठाऊक नव्हतं.

रात्र बसमध्ये. धुकं, थंडी, आणि बायकांना जायला धड जागा नाही. हे शेवटचं मी अजून विसरलो नाही.

पहाटे आमचे गुरुजी पाय मोकळे करायला गेले ते हसत परत आले. ‘लोकं तं पायीच चालले ना बाप्पा! आपन काहून बसलो?’

खरंच. अडकली होती ती गाडी, माणसं नाही. भारतीयाला नेपाळचा व्हिसा लागत नाही. रस्त्याच्या कडेलाच त्रिशरण-पंचशील घेतलं, पिशव्या उचलल्या आणि साडेनऊला कमानीखालून पलीकडे, नेपाळातल्या बेलहियात. दहा मिनिटं लागली. तिथून दोन मिनीबस ठरवल्या. लुंबिनी पंचवीसेक किलोमीटर आहे. आमची बस भारतातच उभी राहिली.

सशस्त्र सीमा बलाच्या जवानांनी कार्डं पाहिली. आधार चालतं ते पंधराच्या आतल्या आणि पासष्टच्या वरच्या माणसांना. मधल्यांनी पासपोर्ट नाहीतर मतदार कार्ड ठेवायचं, झेरॉक्स नव्हे. माझ्या मामेभावाजवळ नुसतं आधार होतं. अर्धा तास बाजूला उभं करून मग सोडलं. सोडतातही, पण ती समोरच्याची मर्जी. तुमचे वडील साठीचे असतील तर त्यांचं मतदार कार्ड आजच शोधा.

पैशाचं म्हणाल तर आजीच्या चंचीत सगळ्या पाचशेच्या नोटा. नेपाळने त्याच्या महिनाभर आधी शंभरावरच्या नोटांवर बंदी घातली होती. दलालाने एकेका नोटेमागे वीस रुपये कापून शंभराच्या दिल्या. आजीने त्याला जे ऐकवलं ते इथे लिहिता येत नाही. नोटांचा नियम बदलत असतो, तुम्ही शंभराच्याच न्या. शंभराला एकशे साठ नेपाळी, हा भाव ठरलेला आहे. आणि आपलं सिम पलीकडे गेलं की मुकं होतं, म्हणून संध्याकाळी कुठे भेटायचं ते बसवाल्याशी आधीच बोला. कोणत्या घड्याळाप्रमाणे, तेही.

लुंबिनीला अशोकाचा स्तंभ आहे. भगवान बुद्ध इथे जन्मले म्हणून या गावाचा कर माफ केला आणि पिकाचा फक्त आठवा हिस्सा ठेवला, असं त्यावर कोरलंय. गुरुजींनी ते समजावून सांगितलं तशी मागून आजी म्हणाली, ‘मंग आपल्या गाडीचाच काहून नाही केला?’

तुमच्या आईचे गुडघे दुखतात असं लिहिलंय. चालणं थोडंच आहे, सायकलरिक्षाही मिळते. टूरवाल्याला मूळ आरसीचं निघायच्या आधी विचाराच. पण ट्रकांची रांग दिसली की आईवडिलांना बसमध्ये बसवून ठेवू नका, उतरवा.