शेजारचा आंबा, आपली बाग

प्रश्न : शेजारच्या काकांच्या आंब्याच्या दोन जाड फांद्या भिंत ओलांडून आमच्या बागेवर आल्या आहेत. मोहर आला की खालचे गुलाब, जास्वंद, अगदी तुळससुद्धा चिकट होते आणि नंतर पानं काळी पडतात. काका म्हणतात, "झाड तीस वर्षांचं आहे, एवढ्या वर्षांत कुणी बोललं नाही, आता तो आमचा हक्क." आमचे हे म्हणतात, माणूस बोलावून भिंतीच्या रेषेत सगळं कापून टाकू. काय करावं?
— एक वाचक भगिनी, सांगली

उत्तर : ताई, काकांचा हक्काचा मुद्दा टिकणारा नाही. फांदी दरवर्षी वाढते, बदलते, म्हणून कितीही वर्षं लोटली तरी दुसऱ्याच्या जागेवर ती पसरू देण्याचा हक्क तयार होत नाही, असंच आपली न्यायालयं मानत आली आहेत. पण म्हणून लगेच कोयता चालवता येत नाही. शहरात 1975 चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा लागू आहे आणि त्यात झाड 'तोडणे' या व्याख्येत फांद्या छाटणंही येतं. महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी हवीच. आणि फांदी तुमच्याकडे आली तरी तिच्यावरचे आंबे काकांचेच, हेही घरात सांगून ठेवा.

मी उद्यान खात्यात नोकरी केली. भिंतीच्या रेषेत कापलेली झाडं पाहिली की आजही जीव तुटतो. फांदी मधेच कापली की खुंट उरतो. तो वाळतो, पावसाचं पाणी मुरून कुजतो, खोडकिड्याला आत शिरायला वाट मिळते. शिवाय खुंटाच्या आसपास फुटव्यांचा झुपका येतो आणि दोन-तीन वर्षांत तुमच्या गुलाबांवर आधीपेक्षा दाट सावली. फांदी कापायची ती जिथून फुटली तिथून. तिथे सालीची फुगीर कड दिसते. ती शाबूत ठेवून तिच्या लगत काप घेतला तर जखम सालीने भरून येते. आता ही जागा काकांच्या अंगणात आहे. म्हणजे त्यांच्या संमतीशिवाय हे काम नीट होऊच शकत नाही. झाडाचे मालक तेच, तेव्हा अर्जही त्यांच्याच सहीने जाऊ द्या, सोबत फोटो जोडा. खर्चाचा निम्मा वाटा तुम्ही उचलता म्हणालात तर बोलणं सोपं जाईल.

मोहरात किंवा फळं असताना हा विषय काढू नका, कुणीही नाहीच म्हणेल. आंबे उतरले की लगेच छाटणी करा. जड फांदी एका घावात पाडली तर खोडाची साल सोलत खाली येते. म्हणून जोडापासून हातभर अंतरावर आधी खालून थोडा काप, मग वरून, आणि शेवटी उरलेला खुंट कडेलगत काढायचा. कापावर बोर्डो पेस्ट, म्हणजे बुरशी रोखणारा लेप, लावा : 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी, प्लॅस्टिकच्या बादलीत, लोखंडी भांडं नको. आंब्याचा चीक अंगावर उडला तर कातडी भाजते, कामगाराला हातमोजे द्या.

चिकटपणाचं कारण मोहरावरचे तुडतुडे. त्यांच्या अंगातून पाझरणारा गोड रस खाली पडतो आणि त्यावर काळी बुरशी धरते. ती पानाच्या आत शिरत नाही, वरच्या वर बसते. सकाळी पाण्याचा जोरदार फवारा मारला, तुळशीची पानं हलक्या हाताने पुसली, की बरीच निघते. काकांना मोहर फुलण्याआधी 5 टक्के निंबोळी अर्क फवारायला सांगा. त्यांचाही मोहर वाचेल. फुलं उमलल्यावर मात्र फवारणी नको, मधमाश्या आणि माश्या तेव्हा कामात असतात.

छाटणीनंतरही भिंतीलगत पूर्ण ऊन येणार नाही, कारण आंबा बारमाही हिरवा. गुलाब तिथून हलवाच, त्यांना निदान पाच-सहा तास ऊन लागतं. त्या पट्ट्यात अळू, सोनटक्का किंवा हळद लावा. हळदीची लागवड अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला सुरू होते आणि सांगलीत तिचं चांगलं बेणं कुठे मिळतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.