पळसपापडी, गांडूळ आणि तुझा प्रस्ताव

अनेक आशीर्वाद.

तुझा संशोधनाचा प्रस्ताव वाचला. पळसपापडी म्हणजे पळसाच्या बिया, वावडिंग, कुडा आणि ओवा, चारही जंतांवरची जुनी औषधं. एकच ठेव. मी असतो तर पळसपापडी ठेवली असती. मार्चमध्ये नागपूरबाहेर कुठल्याही रस्त्याला लागलं की बांधाबांधावर पळस दिसतो, बियांचा तुटवडा पडायचा नाही.

माझं भांडण आहे ते गांडुळाशी. आपल्याकडच्या फार्मसी कॉलेजांत अर्कात गांडूळ सोडून ते लुळं पडतं का बघायची चाचणी इतकी मुरली आहे की ती का करायची, हे कुणी विचारतच नाही. गांडूळ फुकट मिळतं, परवानगी लागत नाही, दुपारपर्यंत निकाल हातात! पण ते परजीवी नाही आणि आतड्यातल्या गोलकृमींच्या कुळातलंही नाही. त्याची कातडी ओली, तिच्यातून बरंच काही आत झिरपतं; गोलकृमीच्या अंगावर चिवट आवरण असतं. अर्कात अल्कोहोल किंवा क्षार जरा जास्त राहिले तरी गांडूळ लुळं पडतं, आणि आपण खुशाल 'कृमिघ्न' लिहून मोकळे होतो.

त्यापेक्षा सेमिनरी हिल्सवरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात परोपजीवीशास्त्राच्या लोकांना भेट. शेळ्यांच्या पोटात हेमॉन्कस नावाचा रक्तपिपासू जंत असतो, त्याची अंडी लेंड्यांतून वेगळी करता येतात. ती अर्कात ठेवायची आणि दोन दिवसांनी किती अळ्या बाहेर पडल्या ते मोजायचं. शेजारी एका वाटीत जंतांवरचं नेहमीचं औषध अल्बेंडाझोल आणि एका वाटीत अर्क ज्यात विरघळवलास ते नुसतं द्रावण. ही शेवटची वाटी नसेल तर बाकीचे आकडे मला दाखवू नकोस.

आता पळसपापडीतली खरी अडचण. तिच्यातलं जंतांवर काम करणारं द्रव्य पॅलॅसोनिन हे कँथॅरिडिनचं सख्खं भावंड, एका मिथाइल गटाचा काय तो फरक. आणि कँथॅरिडिन म्हणजे कातडीवर फोड आणणाऱ्या भुंगेऱ्यांचं विष. म्हणून 'वनस्पतिजन्य असल्याने सुरक्षित' हे तुझं वाक्य आजच खोड. व्हेरो पेशींवर, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर, विषारीपणाची चाचणी पहिल्याच टप्प्यात घे. जंताला मारणारी मात्रा आणि पेशींना मारणारी मात्रा जवळजवळ आल्या, तर तेही तसंच छाप.

अर्क सहा तास उकळणार असं लिहिलं आहेस. का? चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांच्या गटाचे मलेरियावरच्या छिंगहाव वनस्पतीचे सुरुवातीचे अर्क नीट लागू पडत नव्हते. चौथ्या शतकातल्या गे होंग यांच्या ग्रंथात मूठभर छिंगहाव पाण्यात भिजवून, पिळून रस प्यायला सांगितलं आहे. उकळायचा उल्लेखच नाही. त्यावरून त्यांनी पस्तीसेक अंशांना उकळणारं ईथर वापरलं, आणि १९७१च्या ऑक्टोबरात १९१ क्रमांकाच्या नमुन्याने उंदरांतला मलेरिया पूर्ण दाबला. पुढे त्यातून आर्टेमिसिनिन निघालं, २०१५ साली नोबेल मिळालं. तेव्हा तू निदान थंड आणि गरम असे दोन्ही अर्क करून बघ. आणि मलेरियावर त्याच वनस्पतीचा काढा द्यावा हा प्रस्तावातला परिच्छेद काढून टाक. पानांत औषध किती असेल याचा भरवसा नसतो. कमी मात्रेने परजीवी मरत नाही, उलट औषधाला निर्ढावतो. जागतिक आरोग्य संघटनेचाही अशा काढ्याला पाठिंबा नाही. गडचिरोलीच्या तापकऱ्याला तर तपासणी आणि पूर्ण मात्रेच्या गोळ्याच हव्यात.

बिया इतवारीच्या बाजारातून आणू नकोस. काष्ठौषधीच्या बाजारात वावडिंगाच्या नावाखाली भलत्याच जातीची फळं सर्रास खपतात. पळसपापडी त्यामानाने ओळखू येते, पण ती कुठली आणि किती जुनी, हे दुकानदारालाही ठाऊक नसतं. ओळखीच्या शेतकऱ्याला विचारून उन्हाळ्यात शेंगा पिकल्या की स्वतः काढ. फांदीचा नमुना दाबून, वाळवून वनस्पतिशास्त्र विभागात जमा कर आणि त्याचा क्रमांक प्रबंधात दे. पुढे हे धंद्याकडे वळणार असेल तर जैवविविधता कायदा लागू होतो. राज्य जैवविविधता मंडळाचं कार्यालय नागपुरातच आहे, आधी जाऊन विचार.

सुधारलेला प्रस्ताव चार पानांत बसव. वाट्यांचा तक्ता मात्र सगळ्यात आधी पाठव.