नर्सरीतून 'अनंत' म्हणून आणलेलं झाड तगर तर नाही ना, फुलं यायच्या आधी कसं ओळखायचं?

एक पान देठाशी तोडा आणि पाच सेकंद थांबा. दुधासारखा पांढरा चीक आला तर ती तगर. तगर कण्हेरीच्या कुळातली आहे, त्यामुळे चीक असणारच. हात धुवा, डोळ्याला लावू नका. अनंत कॉफीच्या कुळातला, त्याला चीक येत नाही. मला तरी याहून खात्रीची खूण माहीत नाही.

पानांवरून मात्र फसायला होतं, कारण दोन्हींची पानं गर्द हिरवी, चकचकीत आणि समोरासमोर असतात. त्यात डबल तगरीचं फूल अगदी अनंतासारखं भरगच्च दिसतं आणि रात्री वासही देतं. अशा वेळी कळीखालचा हिरवा भाग बघा. अनंताला तिथे उभ्या धारा असतात आणि लांब टोकदार पाती पाकळ्यांना धरून असतात. तगरीचा तोच भाग इवलासा, जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा. शिवाय अनंताचं फूल जुनं होताना लोण्यासारखं पिवळसर होत जातं.

नागपूरकरांनी हे आधीच तपासावं, कारण दोघांची निगा वेगळी आहे. आपल्या काळ्या, चुनखडीच्या मातीत तगर आरामात वाढते. अनंताला आम्लधर्मी माती लागते, नाहीतर शिरा हिरव्या राहून पान पिवळं पडतं. तो अनंतच निघाला तर कुंडीत शेणखत-पालापाचोळ्याचं खत भरपूर घाला आणि एप्रिल-मेमध्ये दुपारच्या उन्हातून हलवा.