मॅन्युअल गिअरची गाडी कमी वेगात गचके न देता कशी चालवावी?

तुम्ही लिहिले आहे की मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये गाडी व्यवस्थित चालते, पण सिग्नलच्या रांगेत, सोसायटीच्या पार्किंगमध्ये किंवा गतिरोधकापाशी आली की ती गचके खाते, कधी बंदही पडते, आणि ड्रायव्हिंग स्कूलने 'क्लच हळू सोडा' यापलीकडे काही सांगितलेले नाही. हा सल्ला चुकीचा नाही, अपुरा आहे. मी पुण्याच्या रहदारीत रोज मॅन्युअल गाडी चालवतो आणि घरातल्या मंडळींनाही मीच शिकवली आहे, त्या आधारावर थोडे सविस्तर लिहितो.

गचका वेग बदलल्यामुळे बसत नाही, तो बदल एकदम झाल्यामुळे बसतो, आणि खालच्या गिअरमध्ये तो एकदम होण्याची सोय यंत्रातच आहे. लहान पेट्रोल गाडीत पहिल्या गिअरचे गुणोत्तर साधारण साडेतीन आणि पुढे डिफरन्शियलचे, म्हणजे चाकांना जोर वाटून देणाऱ्या शेवटच्या गिअरजोडीचे, चारच्या थोडे वर असते. म्हणजे इंजिनाचा जोर चाकांपर्यंत पोहोचताना चौदा-पंधरा पट होतो. पाचव्या गिअरमध्ये हाच गुणाकार जेमतेम तीन-सव्वातीन पट असतो. त्यामुळे हायवेवर जाणवतही नाही अशी पायाची किरकोळ हालचाल पहिल्या गिअरमध्ये चार-साडेचार पट जोराने अंगावर येते. शिवाय हे दोन्ही दिशांनी घडते: ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की इंजिन गाडीला मागे ओढते, आणि ते ओढणेही तितक्याच पटीने वाढलेले असते. गिअरचे दात आणि ॲक्सलचे सांधे यांच्यात थोडी मोकळीक असतेच. जोर पुढून मागे आणि मागून पुढे फिरला की ती मोकळीक 'ठक्' करून भरून निघते. त्यातच गाडी हलली की तुमचा पाय हलतो, पाय हलला की ॲक्सिलरेटर हलतो, आणि गाडी आणखी हलते. नवख्या माणसाची गाडी एकदा डोलायला लागली की थांबत नाही, त्याचे कारण हेच.

म्हणून माझे पहिले सांगणे असे की चालण्याच्या वेगात गाडी ॲक्सिलरेटरने चालवायचीच नाही. सपाट रस्त्यावर इंजिनाचे नुसते आयडलिंग, म्हणजे ॲक्सिलरेटर न देता त्याचे आपोआप संथ फिरणे, पुरते. आयडलिंगला इंजिन मिनिटाला साधारण ८०० फेरे घेते, आणि वरच्या गुणोत्तरांचा हिशोब केला तर लहान गाडी पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडून, ॲक्सिलरेटरला पाय न लावता ताशी सहा किलोमीटरच्या आसपास चालते, आणि दुसऱ्या गिअरमध्ये अकरा-बाराने. हे दोन आकडे लक्षात ठेवले की बराच गोंधळ मिटतो. ताशी सहापेक्षा कमी वेग हवा असेल तर क्लच पूर्ण सोडून चालणार नाही, तिथे तो थोडा दाबावाच लागेल. आणि बारापेक्षा कमी वेगात दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडून बसलात तर गाडी थरथरणार, मग ती कितीही महागडी असो.

आता क्लच सोडण्याकडे येऊ. पेडलचा वरचा आणि खालचा भाग तसा रिकामाच असतो. सगळे काम मधल्या पट्ट्यात होते, जिथे गिअरबॉक्सकडे जोर नेणारी क्लचप्लेट इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चकतीला, म्हणजे फ्लायव्हीलला, घासत घासत पकडू लागते. त्या जागेला आपण बायटिंग पॉइंट म्हणतो. तिथवर पाय झटकन आणला तरी चालतो. तिथे पोहोचल्याचे गाडी स्वतःच सांगते: इंजिनाचा आवाज किंचित खाली येतो, स्टिअरिंगमध्ये बारीक कंप येतो, आणि बॉनेट केसभर वर उचलले जाते. इथे पाय रोखायचा. बहुतेक जण इथपर्यंत छान येतात, गाडी हलली की समाधानाने उरलेले पेडल एकदम सोडून देतात, आणि गचका नेमका तिथेच बसतो. गाडी हलली याचा अर्थ काम संपले असा नाही. प्लेट अजून घसरत असते आणि चाकांचा वेग इंजिनाच्या वेगाशी जुळायचा असतो. तो जुळेपर्यंत, म्हणजे एक-दोन सेकंद, पाय तिथेच ठेवा, मग उरलेले सावकाश सोडा. टाच जमिनीवर टेकवून फक्त पंजाने क्लच सोडणे ज्यांना जमते त्यांचा पाय स्थिर राहतो; पेडल उंच असेल किंवा पाय लहान असेल तर ते जमत नाही, अशा वेळी आसन पुढे घ्यावे, पण गुडघा शेवटपर्यंत थोडा वाकलेला राहिला पाहिजे.

याचा सराव एखाद्या रिकाम्या सपाट मैदानावर करा. पहिला गिअर टाका, उजवा पाय ब्रेकपाशी पण ब्रेकला न लावता ठेवा आणि केवळ क्लचवर गाडी हलवा. बंद पडली तर पडू द्या. ॲक्सिलरेटर न देता गाडी दर वेळी न थरथरता निघू लागली की बायटिंग पॉइंट पायात बसला असे समजा. त्यानंतर त्यात थोडा ॲक्सिलरेटर मिसळायचा, कारण रस्त्यावर निघायला इतका वेळ मागची माणसे देत नाहीत. डिझेल गाडीवर शिकून पेट्रोलवर आलेल्यांना हा सराव विशेष लागतो: डिझेल इंजिन आयडलिंगला भार आला तरी इंधन वाढवून तग धरते, लहान पेट्रोल इंजिन तितके सोशिक नसते.

रांगेत मुंगीच्या पावलांनी सरकताना मात्र तंत्रापेक्षा अंतर जास्त उपयोगी पडते. पुढची गाडी एक हात सरकली की आपणही एक हात सरकायचे, ही सवय क्लचचे आयुष्य खाते आणि गचकेही देते. पुढे दोन-तीन गाड्यांची जागा होऊ द्या, मग पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडून आयडलिंगवर जा, आणि जवळ पोहोचला की क्लच दाबून थांबा. शनिवारी सकाळी खंडाळ्याच्या घाटात रांग लागते तेव्हा ट्रकवाल्यांकडे पाहा. ते थांबत-निघत नाहीत, पुढे जागा सोडून एकाच संथ वेगाने चढत राहतात. त्या रांगेत जळक्या क्लचचा जो वास येतो तो बहुधा मोटारींचा असतो. मधल्या मोकळ्या जागेत कोणी घुसेल ही भीती खरी आहे, पण घुसणारा घुसतोच.

हाफ क्लचला, म्हणजे क्लच अर्धवट दाबून घसरवत गाडी चालवण्याला, काही लोक पापच समजतात, ते मला पटत नाही. निघताना, पार्किंगमध्ये, रिव्हर्स घेताना क्लच घसरवावाच लागतो, तो त्यासाठीच बनवलेला आहे. नुकसान होते ते जास्त आरपीएमवर (इंजिनाचे मिनिटाला जास्त फेरे असताना) बराच वेळ घसरवल्याने आणि चढावर ब्रेकऐवजी क्लचवर गाडी तोलून धरल्याने, कारण घर्षणाची उष्णता क्लचमध्येच साठते. चढावर हँडब्रेक लावून थांबा; निघताना क्लच बायटिंग पॉइंटला आणा, थोडा ॲक्सिलरेटर द्या, गाडीचे मागचे अंग किंचित बसल्यासारखे झाले की हँडब्रेक सोडा. हिल होल्ड असलेल्या गाडीत ब्रेक दोन-तीन सेकंद आपोआप धरून ठेवला जातो, तेवढ्या वेळात हे उरकावे लागते.

गिअर बदलताना पहिल्यातून दुसऱ्यात जाण्याची घाई करू नका, पण पहिल्यात इंजिन ओरडेपर्यंत राहूही नका; ताशी पंधराच्या आसपास बदलला तर दुसऱ्यात जोरही राहतो आणि क्लच सोडताना इंजिनही दबत नाही. बदलताना आधी ॲक्सिलरेटर सोडून मग क्लच दाबला तर इंजिन क्षणभर गाडीला ओढते आणि प्रवाशांच्या माना पुढे जातात. दोन्ही पाय एकाच वेळी उलट दिशेने हलले पाहिजेत. गतिरोधकावर बहुतेक वेळा दुसरा गिअर पुरतो: ब्रेकने वेग कमी करा, क्लच दाबून ओलांडा, आणि पलीकडे वेग दहाच्या खाली गेला असेल तरच पहिला टाका. चालत्या गाडीत पहिला टाकलात तर क्लच सोडण्याआधी ॲक्सिलरेटरला किंचित स्पर्श करून इंजिनाचे फेरे वाढवा, नाहीतर गाडी ब्रेक मारल्यासारखी थबकते.

थांबण्याबद्दल थोडेच सांगतो, पण प्रवाशांना सर्वांत जास्त हेच जाणवते. गाडी थांबण्याच्या शेवटच्या हातभर अंतरात ब्रेकवरचा दाब अर्ध्यावर आणा. दाब तसाच ठेवला तर खाली झुकलेले पुढचे सस्पेन्शन गाडी थांबताक्षणी उसळी घेते आणि सगळे मागे आदळतात. क्लच त्याच सुमारास दाबायचा, फार आधी नाही. अर्धी भरलेली पाण्याची बाटली कपहोल्डरमध्ये ठेवून पाहा, पाणी किती उचंबळते त्यावरून तुमची प्रगती कळेल.

काही किरकोळ गोष्टी: पातळ तळव्याचे बूट घाला, सैल चप्पल पेडलखाली अडकू शकते. उजव्या पायाची टाच गालिच्यावर घट्ट टेकवा, खड्ड्यात पाय उडत नाही. एसीचा कॉम्प्रेसर सुरू झाला की इंजिनावर भार येतो, त्यामुळे तेच पेडल तितक्याच जागी सोडूनही एखाद वेळी गाडी जरा निराळी वागते.

हे सगळे करूनही गचके राहिले तर एखाद्या अनुभवी माणसाला तीच गाडी चालवायला द्या. त्याच्याही हाती ती थरथरत निघाली, तर क्लचप्लेटला तेल लागले असेल, प्लेट तापून खराब झाली असेल किंवा इंजिनाचे माउंटिंग, म्हणजे त्याला धरून ठेवणारे रबरी आधार, बसले असेल. आरपीएम चढतात पण वेग वाढत नाही, असे वरच्या गिअरमध्ये होत असेल तर प्लेट बहुधा झिजली आहे. क्लच केबलवर चालणारा असेल तर मेकॅनिकला पेडलचा फ्री प्ले, म्हणजे काम सुरू होण्याआधीची त्याची मोकळी हालचाल, तपासायला सांगा. केबल चुकीची बसवलेली असेल तर बायटिंग पॉइंट पेडलच्या अगदी टोकाला जातो आणि अशा गाडीवर पाय बसवणे कुणालाही अवघड जाते.