शिंगे भिडतात, तरी रक्त का सांडत नाही?

प्रश्न : रेहेकुरीच्या काळवीट अभयारण्यात दोन नरांची झुंज पाहिली. शिंगे भिडण्यापूर्वी ते दोघे बराच वेळ माना उंचावून शेजारीशेजारी चालत होते. नंतर धुरळा उडाला, पण मिनिटभरातच एकाने पळ काढला. जखम कोणालाच झालेली दिसली नाही. स्वजातीला मारायचे नाही, असा निसर्गाचा नियम आहे का? आणि जिंकलेला नर कळपाचा राजा होतो, हे खरे का? (एक वाचक, बारामती)

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते छोटे आहे. काळवीट कळपाचे नव्हे, तर जमिनीच्या तुकड्याचे मालक असतात. ठरावीक जागी पुन्हा पुन्हा लेंड्या टाकून आणि डोळ्याखालच्या ग्रंथीचा स्राव गवताच्या काड्यांना लावून नर आपली हद्द आखतो. माद्यांचे कळप चरत चरत त्या हद्दीतून येतात नि जातात, आणि तेवढ्या वेळापुरतीच त्याला मीलनाची संधी मिळते. ‘राजा’ हा शब्द आपण मनुष्यांच्या गोष्टींतून तिकडे नेलेला आहे.

आता पहिला प्रश्न. असा नियम निसर्गात नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मात्र अनेक जाणकार साधारण तसेच मानत असत, की जातीचा नाश होऊ नये म्हणून नर हात राखून लढतात. या समजुतीतील अडचण थोडा विचार केला तर लक्षात येते. सगळे नर संयमाने वागत असताना एखादा बेफाम लढणारा निपजला, तर प्रत्येक हद्द तोच बळकावील, त्याचीच पिल्ले वाढतील आणि काही पिढ्यांत संयमी नरांचा वंश मागे पडेल. जातीचे भले पाहायला तेथे कोणी बसलेले नसते.

मग संयम टिकतो कसा? जॉन मेनार्ड स्मिथ आणि जॉर्ज प्राइस यांनी 1973 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात याचे गणित मांडले. बेफाम लढणारे थोडे असतात तोपर्यंत त्यांची चंगळ असते. पण त्यांची संख्या वाढली, की त्यांची गाठ वरचेवर आपल्यासारख्यांशीच पडू लागते आणि जिंकून मिळणाऱ्या लाभापेक्षा जखमांची किंमत जड होते. म्हणून झुंजीची किंमत मोठी असेल तेथे आधी प्रतिस्पर्ध्याची ताकद जोखणारा, आणि ती आपल्याहून जास्त दिसली तर माघार घेणारा नर अखेरीस फायद्यात राहतो. पळून गेलेला तो काळवीट भित्रा नव्हता आणि जिंकलेला उदारही नव्हता.

आपण पाहिलेले ते शेजारीशेजारी चालणे म्हणजे हीच जोखणी. लाल हरणांच्या बाबतीत तिचा फार बारकाईने अभ्यास झालेला आहे. स्कॉटलंडच्या रम बेटावर टिम क्लटन-ब्रॉक आणि स्टीव्ह अल्बन यांनी 1979 मध्ये दाखवून दिले, की शरद ऋतूतील मीलनकाळात नर आधी दुरून आळीपाळीने डरकाळ्या फोडतात, त्यातून निकाल लागला नाही तर समांतर चालतात आणि त्यानेही भागले नाही तरच शिंगे भिडवतात. डरकाळीत लबाडी करणे अवघड असते, कारण सतत ओरडत राहायला जी छाती लागते, तीच झुंजीतही लागते. दमलेल्या नराचा आवाज लवकर मंदावतो. एवढी खबरदारी घेऊनही तेथे नर कायमचे जायबंदी होतातच, आणि पीळदार, टोकदार शिंगांच्या काळविटांनाही हा धोका चुकलेला नाही. समोरासमोर शिंगांत शिंगे अडकलेली असताना झुंज बहुतांशी रेटारेटीची असते. कूस उघडी पडली, की मात्र टोक सरळ शरीरात जाऊ शकते.

गुजरातमधील वेळावदरला गेलात, तर याहून दाट स्पर्धा पाहायला मिळेल. तेथे मीलनकाळात अनेक नर लहानशा माळावर अगदी लगत लगत हद्दी आखून उभे राहतात आणि माद्या तेथे येऊन निवड करतात. अशा जागेला शास्त्रीय भाषेत ‘लेक’ म्हणतात (शब्द स्वीडिश आहे, आपल्या लेकीशी त्याचा संबंध नाही). मोक्याच्या मधल्या जागांसाठी तेथे चकमकी सतत चालू असतात.

प्रश्न : मग मरेपर्यंत लढणारे नर मुळीच नसतात का? (तेच वाचक)

उत्तर : असतात, आणि ते फळात सापडतात. अंजिराच्या कुळातील फळांत वाढणाऱ्या गांधीलमाश्यांच्या काही जातींत नरांना पंख नसतात, जबडे मात्र प्रचंड असतात. विल्यम हॅमिल्टन यांनी ब्राझीलमधील अशा माश्यांचे वर्णन 1979 मध्ये प्रसिद्ध केले. एका फळात त्यांना 15 माद्या, 12 धडधाकट नर आणि झुंजीत जखमी होऊन मेलेले किंवा मरणपंथाला लागलेले 42 नर आढळले. या नराच्या वाट्याला येणाऱ्या साऱ्या माद्या त्या एकाच फळात असतात आणि त्याचे आयुष्यही तेथेच संपते. माघार घेऊन पुढच्या हंगामाची वाट पाहणे त्याला शक्यच नसते. आपले उंबरही याच कुळातले आहे. पिकत आलेले उंबर फोडले, तर पंख नसलेले फिकट किडे दिसतात, ते नर होत. अर्थात त्यांतील सगळ्याच जातींचे नर भांडखोर नसतात.