डायल-अप मोडेम जोडला जाताना तो विचित्र आवाज कशाचा यायचा?

मोडेम म्हणजे संगणकाला टेलिफोनच्या लाइनवरून इंटरनेटशी जोडणारं यंत्र; तो आवाज म्हणजे दोन मोडेमांचा आपसातला संवादच होता. टेलिफोनची लाइन माणसाच्या बोलण्यासाठी बनलेली, साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झपर्यंतचेच (म्हणजे सेकंदाला इतकी कंपनं असलेले) आवाज पुढे नेणारी. म्हणून डेटालाही, म्हणजे ० आणि १ या बिटांनाही, आवाजाचं रूप घ्यावं लागे. जुन्या व्ही.२१ पद्धतीत फोन लावणारा मोडेम १ साठी ९८० आणि ० साठी ११८० हर्ट्झचा सूर काढायचा, उचलणारा १६५० आणि १८५०. त्यामुळे दोघं एकाच वेळी ‘बोलू’ शकत. सुरुवातीचा २१०० हर्ट्झचा लांब सूर लाइनवरची प्रतिध्वनी दाबणारी यंत्रणा बंद करायला असे. वेग ठरला की फक्त स्पीकर गप्प व्हायचा, बोलणं चालूच! मात्र नंतरच्या वेगवान मोडेमांत असे सुटे सूर नव्हते. लहरीची तीव्रता आणि फेज (लहर आपल्या चढउताराच्या कोणत्या टप्प्यावर आहे ते) एकदम बदलून ते अनेक बिट कोंबत, म्हणून नुसती खरखर ऐकू येई.