नगीब अल-रिहानींना इजिप्तमध्ये एवढं का मानतात, आणि आज त्यांचं काय बघता येईल?

रिहानी हे इजिप्तच्या रंगभूमीवरचे आणि सिनेमातले विनोदी नट. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. ‘गझल अल-बनात’पासून सुरुवात करा. हा त्यांचा शेवटचा सिनेमा. ८ जून १९४९ला विषमज्वराने ते गेले आणि सिनेमा त्यानंतर पडद्यावर आला.

यात ते हमाम नावाचे अरबी शिकवणारे मास्तर आहेत. नोकरी गेलेली, खिसा रिकामा. एका पाशाच्या, म्हणजे बड्या उमरावाच्या, मुलीची (भूमिकेत लैला मुराद) शिकवणी मिळते म्हणून बंगल्यावर जातात आणि भारी कपड्यातला जो दिसेल त्याला पाशा समजून वाकतात. त्यातला एक निघतो कुत्रा सांभाळणारा नोकर! खरा पाशा माळ्याच्या वेषात समोर येतो, तर त्याला मात्र झापतात. शेवटाकडे प्रसिद्ध गायक मुहम्मद अब्दुल वहाब गात असतात आणि मास्तर नुसते ऐकत असतात. मुलगी आपली होणार नाही हे त्यांना गाणं ऐकता ऐकता कळतं, आणि डोळे भरून येतात. लोक त्यांना ‘अद-दाहिक अल-बाकी’, म्हणजे हसता हसता रडणारा, का म्हणत ते या प्रसंगात दिसतं.

आता आयुष्याबद्दल. जन्म कैरोचा, १८८९. वडील मूळचे इराकचे. शिक्षण फ्रेंच मिशनऱ्यांच्या शाळेत, त्यामुळे फ्रेंच नाटकं त्यांना थेट वाचता येत. आधी कृषी बँकेत आणि पुढे नग हमादीच्या साखर कंपनीत कारकुनी केली. तिथला ‘एफेंदी’, म्हणजे डोक्यावर तारबूश (लाल गोंडेदार टोपी) घालणारा, पांढरपेशा पण कायम ओढगस्तीतला माणूस, त्यांनी आतून ओळखला होता.

नाव मात्र झालं ते १९१६मध्ये ‘किश्किश बे’मुळे. हा गावचा ‘उम्दा’, आपल्याकडचा पाटील म्हणा. कापूस विकून कैरोला येतो आणि नाचगाण्यात पैसे उडवतो. महायुद्धामुळे शहर तेव्हा परदेशी सैनिकांनी भरलं होतं, त्यामुळे अशा खेळांना तुफान गर्दी होई. १९१८पासून लेखक बदी खैरी सोबत आले, ते अखेरपर्यंत. संगीतकार सय्यद दरवीश यांनी या नाटकांना चाली दिल्या. ‘सालमा या सलामा’ हे गाणं त्यातलंच, आजही लोक गातात.

पण किश्किश त्यांच्या मानगुटीवर बसला. १९३१मध्ये त्यांनी फ्रेंच नाटककार मार्सेल पान्योलचं ‘तोपाझ’ हे नाटक इजिप्शियन करून ‘अल-गिनेह अल-मसरी’ नावाने आणलं, तर ते पडलं. लोकांना किश्किशच हवा होता. तरीही ते मागे वळले नाहीत, आणि मला त्यांचं खरं मोठेपण इथे वाटतं. १९३७च्या ‘सलामा फी खैर’मध्ये कापडदुकानातला शिपाई मालकाची रोकड बँकेत भरायला निघतो. बँक बंद असते, म्हणून पैसे सुरक्षित राहावेत या इराद्याने हॉटेलात जातो, आणि तिथे लोक त्याला राजपुत्र समजतात. दुसरा सिनेमा हाच बघा.

बघताना दोन अडचणी येतील. कैरोत ‘ज’चा उच्चार ‘ग’ होतो, म्हणून नाव नजीब आणि नगीब, दोन्ही प्रकारे शोधा. दुसरी जास्त मोठी. हमाम मास्तर मध्येच व्याकरणशुद्ध पुस्तकी अरबी बोलतात आणि बाकीचे कैरोची बोली. निम्मा विनोद या फरकात आहे, पण उपशीर्षकांत दोन्ही सारखंच उतरतं. म्हणून पहिल्यांदा उपशीर्षकांसह बघून झालं की वर्गातला आणि बंगल्यातला प्रसंग पुन्हा लावा, या वेळी वाचू नका, नुसता आवाज ऐका. मास्तर कुठे ताठ होतात आणि कुठे सैलावतात ते भाषा न येताही कळतं.

रंगमंचावरचे रिहानी आता बघायला मिळत नाहीत. त्यातल्या त्यात जवळचं म्हणजे ‘इल्ला खम्सा’ या नाटकाचं चित्रीकरण. रिहानी गेल्यावर बदी खैरींचा मुलगा आदिल त्यांच्या भूमिका करू लागला, तो यात आहे. पण लक्ष अभिनेत्री मेरी मुनीबकडे ठेवा. त्या रिहानींच्याच कंपनीत घडलेल्या, आणि समोरच्याचं वाक्य संपल्यावर क्षणभर थांबून उत्तर देण्याची त्यांची लय तिथलीच आहे.